घुंगरू थांबलं की

उदगीरला इलियासच्या दुकानात काचेवर तीन पट्टे.
एक पिवळा, नुसता टुक् टुक् वाजणारा.
एक मोबाइलशी बोलणारा, महिन्याला रिचार्ज मागणारा.
तिसऱ्याला वीतभर अँटेना;
खोक्यावर लिहिलंय: पल्ला आठ किलोमीटर,
मोकळ्या मैदानात.

मोकळं मैदान कुठंय?
आमच्याकडं डोक्याएवढी तूर,
आणि ओढ्यात उतरलं की फोनसुद्धा मुका.

तेजीची मान माझ्या मनगटाएवढी,
कारवानी कुत्री, पळताना निम्मी हवाच.
इलियासनं तिसरा पट्टा काट्यावर टाकला.
"दोनशे ग्रॅम. पावशेरसुद्धा नाही."
"तुझ्या गळ्यात बांधून बघ," मी म्हटलं.

गोरोबा मामा बाकड्यावर गप्प होता.
एके काळी तितरांमागं हिंडलेला माणूस;
आता हार्वेस्टर यायच्या आधी
तेजीला सोयाबीनात सोडतो,
घरटं दिसलं की काठीला चिंधी बांधतो.
ड्रायव्हर शिव्या देतो, पण वळसा घालतो.

"हे पिवळं कधी वाजालंय?"
"कुत्रं थांबलं की, मामा."
मामा हसला.
"आमचं घुंगरू उलटं.
वाजतंय तोवर काही नाही.
गप्प झालं, की तिकडं चालायचं."

घेतला शेवटी तिसराच.
मामानं त्याला काळ्या दोऱ्यानं
जुनं घुंगरू शिवलं, मला न विचारता.

संध्याकाळी बांधावर
मी स्क्रीनवरचा ठिपका बघत होतो,
मामा डोळे मिटून.
ठिपका पळत होता अजून.
"थांबली," मामा म्हणाला,
आणि चालायला लागला.

सात अंडी.
एकाला चिखल लागलेला.