नुसतीच उंची

सेगीमावशी मला वाफ्यावर घेऊन गेली ती मिरवत.
"तू शिकलेली. सांग बरं,
पाड्यात कुणाच्या रोपाला अशी उंची आहे?"

हिरव्या सपाट गादीतून
पंधरावीस काड्या वीतभर वर निघालेल्या,
फिकट, बारीक,
शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत
टाचा उचललेल्या पोरांसारख्या.

मी धुळ्याला बियाणं तपासणीत कामाला.
ओल्या टिपकागदावर चारशे दाणे मांडायचे,
ठरल्या दिवशी मोजायचे:
इतके उगवले, इतके कुजले,
इतके नुसतेच लांबले.
त्या शेवटच्या रकान्यात आकडा लिहिताना
मला कधी काही वाटलं नव्हतं.

एक रोप उपटलं. मुळं थोडकी, तपकिरी.
बुडाशी बोटाला लागली
पांढरट-गुलाबी भुकटी,
जत्रेतून परतल्यावर गालावर उरते तेवढीच.

"मावशी, ही वाढ नाही, दुखणं आहे.
बुरशी आत बसून रोपाला म्हणते, वाढ, वाढ.
ते वाढत सुटतं, फुटवे धरायचं विसरतं.
पुष्कळ आवणीनंतर मरतील.
उरतील त्यांची लोंबी पोचट."

ती चिखलात पाय रोवून उभी.
"पण पेरताना दाणा चांगला होता गं.
दाताखाली धरून पाहिला मी. कट्ट वाजला."

वाजणारच.
मागच्या साली भात फुलात असताना
कुठल्या तरी मेलेल्या ताटावरून
वाऱ्यानं काही आलं,
फुलात शिरलं, आतून कडी लावून घेतली.
दाणा भरला, पिकला, कणगीत निजला.
दाताला ते कसं कळावं?

मग ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
मला वाटलं, रोपं मोजतेय.
"दोन पायल्या उच्छलला, हिरकीला, तिची पहिली आवणी म्हणून.
एक सामुएलला.
शेरभर जेमाला, तिचा वाफा उंदरांनी नेला तेव्हा.
चिंचपाड्याचा व्याही तर नको म्हणत होता,
मीच बळंच बांधून दिलं."

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत.
पदराच्या गाठीतलं भात
कुठल्या बाजूच्या बाकावर बसून गेलं,
कोण विचारतंय.

संध्याकाळी घमेल्यात पाणी घेतलं, मूठ मूठ मीठ,
कोंबडीचं अंडं वर येऊन
रुपयाएवढी पाठ दाखवीपर्यंत.
कणगीच्या तळचं सात-आठ शेर त्यात ओतलं.
हलकं ते तरंगलं, गाळून चुलीत टाकलं.
बुडालं तेवढं धुतलं, सावलीत पसरलं, औषध चोळलं.
"बुडालं ते सगळं निरोगी का?" तिनं विचारलं.
"नाही," म्हटलं. "पण बरंचसं."
धुळ्याच्या कागदावर मला असं लिहिता येत नाही.

लांबलेली रोपं तिनं स्वतःच उपटली, एकेक,
आणि चुलीपर्यंत नेली.
एक ठेवलं.

पहाटे दुधाच्या रिकाम्या पिशवीत ते घातलं,
गाठ मारली दोनदा.
आधी जेमाचं दार, मग सामुएलचं,
मग उच्छलची गाडी.
खिडकीशी बसली,
पिशवी मांडीवर उभी धरून,
रोप मोडू नये म्हणून.