अकरा मीटर ब्याऐंशी

फीच्या खिडकीत मोघे काका
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "खेळ?"
तिहेरी उडी, मी सांगते.
ते वहीत 'उडी' एवढंच लिहितात.
लंगडी आणि ढांग
दरवर्षी अशाच खिडकीबाहेर राहतात.

काचेला आतून चिकटवलेला कागद:
विद्यापीठात पहिले तीन, पूर्ण माफी.
चौथा ते सहावा, निम्मी.
पुढचं लिहिलेलं नाही.
पुढचं आईला पाठ आहे.
आत्याकडे जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं,
आणि न मागताच उठून यायचं.

सणस मैदानावर पहाटे वाळू गार असते.
मांजरांनी रात्रभर उकरलेली.
फर्जाना फावडं मारते, मी दाताळं ओढते,
लोणकर सर स्कूटरवरूनच ओरडतात,
"घोट्याला पट्टी बांधलीस का?"
बांधली सर.
घोटा दुखतोय, हे पट्टीच्या आत.

गेल्या साली अकरा मीटर ब्याऐंशी.
दुसरा नंबर, फी सदतीस हजार चारशे, माफ.
त्या रात्री मोबाइलवर भागाकार केला:
एक सेंटिमीटर
एकतीस रुपये चौसष्ट पैसे.
आईची टपरी दांडेकर पुलापाशी,
इस्त्री एका शर्टाची आठ रुपये.
म्हणजे माझा एक सेंटिमीटर
तिचे चार शर्ट, कॉलरसकट.
तिला सांगितलं तर म्हणाली,
"मग जरा पाय ताणून टाकत जा."
आणि इस्त्रीत कोळसे भरायला वळली.
हसत होती की धूर गेला होता डोळ्यांत, कळलं नाही.

वर्गात केतकी म्हणाली, अगदी प्रेमानं,
"तुझं बरंय बाई, फुकटात."
मी वही उघडली.
अर्थशास्त्राच्या सरांनी त्या दिवशी
नेमकी संधीची किंमत शिकवली.
मला उदाहरण सुचलं होतं.
हात वर केला नाही. खांदा भरून आला होता.

यंदा नाशिकला.
पहिली उडी भित्री, दुसरी बरी.
तिसऱ्या वेळी धावपट्टी आपणहून पायाखाली आली,
लंगडी लागली, ढांग लागली,
आणि मग मी बराच वेळ खाली आलेच नाही.
वाळूत बसले तेव्हा
बाराची खूण माझ्या मागे होती.
मागे. मी पाहिली.
वळले, तर लाल झेंडी.

फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर
माझ्या बुटाचं टोक उमटलं होतं, नखाएवढं.
फाऊल उडी मोजत नाहीत.
टेप गुंडाळलेलीच राहते,
पोरगा येऊन दाताळं फिरवतो,
आणि वाळू म्हणते, इथे कुणी पडलंच नव्हतं.

नंतरच्या उड्यांत घोट्यानं तोंड उघडलं.
अकरा एकेचाळीस. चौथी.

"निम्मी म्हणजे किती शर्ट?" आईनं विचारलं.
दोन हजार तीनशे सदतीस.
आणि एक अर्ध्या बाह्यांचा.
या वेळी ती हसली हे नक्की दिसलं.

मोघे काकांनी पावती फाडताना
पहिल्यांदाच चष्मा खाली घेतला.
"वायदंडे, उडी चुकली का गं?"
नाही काका. लांब गेली.
त्यांना रकाना सापडेना.

ती प्लॅस्टिसिनची पट्टी पंचांकडून मागून आणलीय,
कंपासपेटीत ठेवलीय.
काल घाईत टेबलावर राहिली, चादरीच्या कडेला.
आईनं पाहिली, काय आहे ते विचारलं नाही.
तापलेली इस्त्री उचलली
आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.