पाख्याचा सातबारा

पाष्ट्यांच्या अंकुशने बॅटरीला लाल जिलेटिन बांधलंय,
पांढऱ्या उजेडाला पाख्या बुजतो म्हणून.
साडेसातला ऐनाच्या ढोलीतून
आधी मिशा, मग शेपटीसकट अख्खा.
शेंड्यावर जाऊन जरा थांबतो,
आणि अंगातली पासोडी फाकवून
सुटतो –
पलीकडे किंजळीच्या बुंध्यावर थप्प.
खालून मी पावलं मोजते : बावन्न.
मध्ये गुरवांचा गडगा, वहाळ, देवाची राई.
संगमेश्वरच्या तलाठ्याला विचारा, तीन सर्व्हे नंबर.

तीन महिन्यांत वहीत सतरा झाडं झाली.
फणस आमचा, बेहडा गुरवांचा,
सातवीण कुणाचीच नाही.

मंगळवारी किंजळ पाडली.
काजूची कलमं यायचीत, म्हणाले.
ज्याची जागा त्याचं झाड; भांडू कुणाशी?

रात्री तो शेंड्यावर आला.
मान खालीवर करत
नसलेल्या झाडाचं अंतर जोखत राहिला.
एकदा. परत एकदा.
मग खाली उतरला,
आणि पायांत येणारी पासोडी आवरत
पाचोळ्यातून चालत निघाला.

अंकुशने बॅटरी विझवली.
वहीत चालण्याला रकाना नाही.
वरच्या वाडीतली कुत्री
अजून गप्प होती.