मिस्टर पिमलॉटची छत्री

गुरुवारी रात्री आठला आमच्या डुलूथमध्ये
दोन ठिकाणी बर्फ पडायचा:
खिडकीबाहेर, आणि टीव्हीत.
बाहेरच्याला इलाज नव्हता.
आतल्यासाठी रेनो अँटेना धरून उभा राहायचा,
एक पाय रेडिएटरवर, एक हात छताकडे,
बाबा म्हणायचे, "हां, हलू नकोस आता."
म्हणून माझ्या भावाने 'हरवलं-सापडलं'
ऐकलं अख्खं, पाहिलं तिरकं.

बसडेपोतलं एक ऑफिस. काउंटर, घंटी,
मागे फळ्यांवर लोकांनी विसरलेलं सामान.
नायक होता, नायिका होती,
त्यांचं जमतंय का याची म्हणे सगळ्या देशाला काळजी.
आम्हाला नव्हती.
ती दोघं जवळ आली की आई कॉफी ओतायला उठायची
आणि आईली नखं कुरतडायची, कंटाळ्याने.

आम्ही थांबायचो बाकीच्यांसाठी.
ड्रायव्हर कडिही प्रत्येक स्टॉपचं नाव चुकीचं पुकारायचा
आणि प्रवासी मुकाट तिथेच उतरायचे.
टेलिफोनवरची मिस ओर्ला कधी दिसलीच नाही,
नुसता आवाज, आणि सतत काहीतरी चावणं.
गाजर, असं बाबा म्हणत. आई म्हणे, पेन्सिल.
सफाईवाल्या लाफायेतला संवादच नसत;
नायकाचं भाषण संपलं
की तो तेवढीच जागा पुन्हा झाडायचा.

आणि मिस्टर पिमलॉट.
हॅटवरून पाणी निथळतंय, छत्री हरवलेली.
कधी ती काळी असायची, कधी हिरवी,
कधी मुठीला बदकाचं डोकं.
समोर ठेवलेली छत्री तो उघडायचा, मिटायचा,
कानाशी धरून ऐकायचा,
मग हलकेच परत सरकवायचा:
"चांगली आहे. पण माझी नव्हे."

ते वाक्य आमच्याकडे राहायलाच आलं.
बाबांनी खनिजाच्या धक्क्यावर घालायला आणलेले बूट
घरी येऊन एक नंबर मोठे निघाले:
चांगले आहेत. पण माझे नव्हेत.
शेजारच्या पेट्रिचबाईंची हिरवी जेली, आत किसलेलं गाजर.
रेनोची पहिली मैत्रीण,
तेव्हा ती दारातच होती, कोट चढवत.
तिला ऐकू गेलं.

शेवटच्या भागात नायक-नायिकेचं जमलं.
बँड वाजला, दिवे गेले.
पिमलॉट आलाच नाही.
बाबांनी टीव्ही बंद केला, बराच वेळ तसेच उभे.
"आणि छत्री?"
रेनोने कंपनीला पत्र टाकलं.
उत्तरात नायकाचा सहीचा फोटो आला.
आईने तो चार घड्या घालून
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला,
तिथे त्याने वीस वर्षं चोख काम केलं.

बाबा गेले त्या मार्चमध्ये
सरोवर अजून गोठलेलं होतं.
दुकानातला मऊ आवाजाचा माणूस शवपेट्या दाखवत होता,
ही ओकची, ही आतून सॅटिनची.
आईने झाकण उघडलं. मिटलं.
वाकून कान लावला.
"चांगली आहे," ती म्हणाली, आणि आमच्याकडे वळून पाहिलं.
आम्ही तिघं असे हसलो, असे हसलो,
की तो माणूस पाणी आणायला पळाला.

आता सगळे भाग डिस्कवर मिळतात.
या हिवाळ्यात घड्याळ लावून बसले.
पिमलॉट सात भागांत आहे.
सगळा मिळून अकरा मिनिटं.
टुसॉनला आईलीला फोन केला.
"काहीतरीच. दर गुरुवारी यायचा तो," ती म्हणाली,
"तुझं घड्याळ बिघडलंय."
असेल.

तिला एक सांगितलं नाही अजून.
नव्या प्रिंटमध्ये बर्फ नाही, सगळं लख्ख दिसतं.
नायकाच्या खांद्यामागे, सर्वांत वरच्या फळीवर,
पहिल्या भागापासून एक छत्री आहे.
मुठीला बदक.
चौथ्या भागात पिमलॉट मान वर करतो,
तिच्याकडे बघतो, अर्धा सेकंद असेल,
आणि समोरची उघडून कानाशी धरतो.