लाट, टोपी, आडवी रेघ

हर्षिल, तीन मागे जा, मी म्हणाले.
हेड, लाट, तीन.
रावपुऱ्यातल्या फरसाणवाल्याचं बिल
सोमवारपासून पाव किलोला
दोनशे पंचेचाळीस ग्रॅमचेच पैसे लावत होतं
आणि शेठ फोनवर: बेन, पांच ग्राम मारा घरना?

हर्षिल तीन मागे गेला
आणि भलत्याच घरात शिरला.
कारण मी चहा ओतेपर्यंत
त्यानं स्वतःची एक कमिट टाकली होती,
"किरकोळ दुरुस्ती" नावाची.
माझी तिसरी ती त्याची चौथी.
"इथून" म्हणताना इथे कोण उभं आहे
हे कुणी विचारतं का?

बाबांनी विचारलं असतं.
एकतीस वर्षं टपाल निवडलं त्यांनी.
पाकिटावर असायचं:
दांडिया बाजार, सोडावाल्याच्या मागे,
तिसरं दार, मोहित्यांना मिळे.
सोडावाला दुकान मोडून सुरतेला गेला,
पत्रं मात्र त्याच्या मागे येतच राहिली.
पत्ता चुकलेला नाही, बाबा म्हणायचे,
खुंटी हलली.

मग लाट सोडली. नाव घे म्हटलं.
प्रत्येकीला चाळीस अक्षरांचं नाव असतं,
आकडे आणि ए ते एफ,
बारशाला कुणी नव्हतं असं.
पहिली सात पुरतात,
लहान गावात चारसुद्धा,
त्याच अक्षरांची दुसरी कुणी येईपर्यंत.
मग पुढचं एक घ्यायचं.
दांडिया बाजारात दोन वि. ग. मोहिते झाले
तेव्हा धाकट्याच्या पाकिटावर बाबा
पेन्सिलीनं लिहायचे: सायकलवाला.

सात अक्षरांनी पोचलो. सोमवारची मर्ज.
हिला दोन आया.
लाट नेहमी पहिलीकडेच जाते,
दुसरीकडे जायचं तर टोपी, आणि दोन.
चूक तिकडे होती,
नीलांबरीच्या शाखेत,
जी मार्चमध्ये नोकरी सोडून हालोलला गेली
आणि जिची शाखा आम्ही आत्ता कुठे जोडली होती.
एकच ओळ. वजनातून पाच ग्रॅम वजा.
शेरा: "पिशवीचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी नको."

हर्षिल काही बोलला नाही.
मी ती ओळ उलटवली. दुकान शेठचं आहे.
पण त्याआधी तिच्यावर एक टॅग लावला,
"पिशवी".
आता मोजायला नको, अक्षरं नकोत,
कुणीही कुठूनही हाक मारावी.

साडेनऊ झाले. परत कसं जायचं, त्यानं विचारलं.
चेकआउट, आणि नुसती एक आडवी रेघ.
जिथून आलास तिथे.
पुन्हा मारलीस की पुन्हा इथे.
त्यानं पाच-सहा वेळा मारून पाहिली.
हींचको, म्हणाला.

घरी बाबा झोपाळ्यावर, डावा पाय जमिनीला.
सोडावाल्याच्या जागी आता काय आहे?
मोबाइलची कव्हरं विकतो एक जण.
त्याच्या मागे तिसरं दार.
मोहिते आहेत अजून?
झोपाळा एकदा मागे जाऊन पुढे आला.
पत्र टाकून बघ, म्हणाले.