चाळणी

बक्षीस म्हणून काचेचा ठोकळा मिळाला.
आत कोरलेली वीज, खाली आडनाव:
‘फणसळकर’मधलं निम्मंच मावलं, ‘फणस’.
रमीलाबेन म्हणाल्या, “चालशे, साहेब. आतून गोडच.”

सरकारी पैशातून जन्मलेला तो फ्यूज
सात वर्षं प्रयोगशाळेत लोळत होता,
अहवालात उत्कृष्ट,
खांबावर कुठेच नाही.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या पत्र्याखाली
अकरा नमुने फुटले.
बाराव्याच्या आदल्या रात्री
त्यातली वाळू रमीलाबेननी घरी नेली,
पिठाच्या चाळणीनं तीनदा चाळून आणली.
पेटंटात ही ओळ नाही.

दिल्लीत मंचावर विचारलं, यशाचं गमक?
मी म्हणालो, समन्वय.

आता पादऱ्याकडच्या खांबांवर आमचा माल आहे.
रात्री-अपरात्री फोन येतो, “तमारो फ्यूज उडी गयो!”
उडाला म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचला, बाबा,
वितळणं हेच त्याचं काम…
तोवर त्यानं फोन ठेवलेला असतो.

ठोकळा कपाटावर आहे, धूळ खात.
रमीलाबेनच्या रोटलीत अजून मधूनच
वाळू कचकचते.
नवी चाळणी आणतो म्हणालो होतो,
मार्चमध्ये.