यंदाचा मुराबा

रविवारी स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत
कुतैसीची मिनीबस लागते.
चार दिवसांचा रस्ता, त्यातली एक रात्र बोटीवर,
तरी जुम्बेरचा शर्ट इस्त्रीचा.
तो नावं पुकारतो. माझं आलं की
खोका देण्याआधी कानाशी हलवून बघतो:
"फुटलेलं नाही गं, म्झेविनार. आईला कळव."

आत चीज, सुकी पेरं,
न मागितलेले लोकरी मोजे (इटलीत, जुलैत),
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी.
हिरव्या अक्रोडांचा मुराबा.

ज्यांनी तो कधी केला नाही त्यांना सांगते:
आतलं कवच लाकूड व्हायच्या आधी अक्रोड उतरवायचे,
सुई आरपार गेली पाहिजे.
मग सोलायचे. आणि साल सूड घेते.
बोटं काळी, नखं काळी,
तळहातावरच्या रेषा छापखान्यातून काढल्यासारख्या.
लिंबू चोळा, राख चोळा, रॉकेल चोळा.
पुढे दहा-बारा दिवस पाणी बदलत बसायचं,
एक दिवस चुन्याची निवळी,
शेवटी पाक, लवंग, वेलची.
हात मात्र ऑगस्टपर्यंत तसेच.
आमच्या गावात जूनअखेर
पोस्टातली बाई, दाई, पाद्र्याची बायको,
सगळ्यांचे हात एका रंगाचे.

सिन्योरा इम्माकोलाता, जिला मी न्हाऊ घालते,
तिच्या फडताळात अंजिराचा जाम असतो, दुकानचा.
झाकणावर लाल चौकड्यांचं कापड
आणि चिठ्ठी: आजीच्या हातचा.
कुणाच्या आजीच्या, मी एकदा विचारलं.
"कारखान्यालाही असेल की एखादी," ती म्हणाली,
"मी तर अडतीस वर्षं तिकीटखिडकीत बसले.
माझ्या नातवंडांना हीच आजी."

बरणी आईचीच होती.
काकडीच्या लोणच्याचं झाकण, काठाला टवका,
चिकटपट्टीवर निळ्या पेनाने साल.
पण अक्रोड सगळे एका मापाचे,
कवायतीला उभे केल्यासारखे.
पाक आरपार दिसणारा. तळाशी लवंग नाही.
आईच्या बरणीत एक तरी अडेल निघायचाच,
आत कवच धरून बसलेला,
भातात खडा लागावा तसा दाताला लागायचा.
ज्याला तो येई त्याने भांडी घासायची,
असा माझा आणि भावाचा कायदा.
मी तळापर्यंत शोधला.

वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू.
मऊ होता, गोडही बेताचा.
कुणीतरी हातमोजे घालून, घड्याळ बघून
नीटच केला असणार,
आणि संध्याकाळी स्वच्छ हातांनी घरी गेली असणार.
तिचं मला काही वाईट वाटत नाही.

रात्री फोनवर आईचा चेहरा, अर्धा कापलेला.
"कसा झालाय यंदा?"
चष्मा सारायला तिने हात वर केला.
पांढरा.
पेरं सुजून लिंबाएवढी,
करंगळी कुठे तरी भलतीकडेच बघणारी,
आणि नखं पांढरी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात.
मी बघतेय हे तिने बघितलं.
हात टेबलाखाली गेले.

"छान मुरलाय," मी म्हणाले.
"साखर जरा कमी घातली यंदा."
"हो. लक्षात आलं."
मग कोंबड्यांचं बोललो, छपराचं बोललो.

सिन्योराने चमचा दोन्ही बाजूंनी चाटला.
"आईने केलाय?"
"भरलाय तिने," मी म्हणाले.

दिवा मालवल्यावर तेवढंच डोक्यात राहिलं:
दुकानच्या बरणीचं झाकण किती घट्ट असतं.
त्या बोटांनी ते फिरलं नसणार.
कुंपणाशी जाऊन तिने बिचिकोला हाक मारली असेल,
एकेक करत चार बरण्या उघडून घेतल्या असतील,
आणि त्याला, मेल्या आईची शपथ घालून,
बजावलं असेल
की जुम्बेरसमोर तोंड उघडायचं नाही.